सोलरची टाकी रिकामी करून गावाला जाऊ नका

शाळेच्या सुट्ट्या लागल्या की दरवर्षी तोच मेसेज फिरायला लागतो, यंदा तर माझ्या सख्ख्या आत्यानेच मला पाठवला. त्यात चार गोष्टी आहेत: गावाला जाताना सोलरची, म्हणजे गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरची, टाकी रिकामी करा म्हणजे पाणी उकळायचा प्रश्नच नाही, थंड पाण्याचा वॉल्व बंद करा, टाकीवरच्या उघड्या तोंडाच्या व्हेंट पाइपला बूच मारा म्हणजे वाफ वाया जात नाही, आणि काचेच्या ट्यूबवर काही झाकू नका, कोटिंग जातं. मी १४ वर्षं सोलापुरात सोलर बसवतोय, दुरुस्त करतोय. यातलं एकही बरोबर नाही आणि दोन तर सरळ धोकादायक आहेत, म्हणून एकेक घेऊन सांगतो.

टाकी रिकामी करायचं आधी. पाणीच नाही तर उकळणार काय, हे ऐकायला पटतं, पण ऊन काय थांबतंय का? ट्यूब म्हणजे काचेच्या आत काच, मधली हवा काढून घेतलेली, आणि आतल्या काचेवर काळं कोटिंग, जे ऊन आत घेतं पण उष्णता सहजासहजी बाहेर सोडत नाही. पाणी असेल तर ती उष्णता पाणी ओढून घेतं, पाणी नसेल तर आतली काच तापत तापत २०० डिग्रीच्या वर जाते. आणि माणूस फसतो तो इथे, की बाहेरून हात लावला तर तीच ट्यूब नुसती कोमट लागते, मधे हवाच नाही तर उष्णता बाहेर येणार कुठून.

जुळे सोलापुरातलं एक घर, लग्नाला म्हणून आठवडाभर गावी गेलेले, जाताना मेसेजप्रमाणे टाकी रिकामी केलेली. परत आले दुपारी दोनला, अंघोळी करायच्या म्हणून काकांनी वॉल्व सोडला आणि वर गच्चीत टक्, टक् आणि मग फट् असा आवाज. मी संध्याकाळी गेलो तेव्हा १० पैकी ७ ट्यूब फुटलेल्या, गच्चीभर काचा, आणि त्यांचा लहान नातू अनवाणी तिथेच दारात उभा. २०० डिग्रीच्या काचेवर ३० डिग्रीचं पाणी पडलं की दुसरं काय होणार. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे वरची सिंटेक्स, म्हणजे सोलरला थंड पाणी देणारी टाकी, संपली की हे आपोआपसुद्धा होतं, आणि मग भर दुपारी नळाला पाणी आलं की लोक घाईत मोटर लावतात आणि ट्यूब जातात.

वॉल्व बंद करायचं म्हणाल तर त्याने ऊन बंद होत नाही, फक्त नवीन पाणी यायचं थांबतं. साधा हिशोब आहे. १०० लिटर पाणी १ डिग्रीने वाढवायला साधारण ०.१२ युनिट उष्णता लागते, आणि १०० लिटरचं सोलर मे महिन्यात दिवसाला ४-५ युनिट देतं, म्हणजे ३५ ते ४० डिग्री. वरच्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात आधीच ३० डिग्री असतं, म्हणजे वापर नसेल तर पहिल्याच संध्याकाळी ते ७० च्या आसपास जातं, रात्रीत थोडं उतरतं आणि दोन-तीन दिवसांत उकळी. मग पाण्याची वाफ होत जाणार, पातळी उतरणार आणि वॉल्व बंद म्हणून भरणार काहीच नाही, थोडक्यात फिरून परत कोरड्या ट्यूबवरच आलो.

व्हेंट पाइपला बूच हे मात्र कृपा करून कुणी करू नका, हात जोडून सांगतो. तो पाइप वाफ वाया घालवायला नाही दिलेला, टाकीचा जीव आहे तो. १०० लिटर पाणी ३० वरून ९० डिग्रीला गेलं की नुसतं फुगूनच ३ लिटर जास्त होतं, आणि १ लिटर पाण्याची वाफ झाली की १६०० लिटरच्या वर जागा मागते. साध्या सोलरची टाकी पातळ पत्र्याची असते, तिला प्रेशर सहन होत नाही. उलटंही होतं, पाइप बंद असताना खालून सगळे नळ सोडले की आत हवा जाऊ शकत नाही आणि टाकी आतल्या बाजूला चेपते. मी पाहिलेली एक टाकी तर पाय पडलेल्या पत्र्याच्या डब्यासारखी बसली होती, कारण कुणीतरी पक्षी जातात म्हणून पाइपात कापड कोंबलेलं. पक्ष्यांची भीती असेल तर तोंडाला जाळी बांधा, आणि पाइपाचं तोंड वरच्या टाकीच्या पाण्यापेक्षा उंच आहे ना तेवढं बघा. प्रेशरवाली सिस्टीम असेल तर तिच्या सेफ्टी वॉल्वलाही हात लावू नका, ठिबकतो म्हणून बूच मारणारे प्लंबर आहेत.

राहिलं झाकायचं. झाकल्याने कोटिंगला काहीही होत नाही, उलट पाणी थंड ठेवायचा खरा उपाय तोच. रोजच्या वापरात उन्हाळ्यात अर्ध्या ट्यूब गोणपाटाने झाका, बाहेर जाणार असाल तर सगळ्या, आणि वळवाचं वारं उडवून नेणार नाही असं घट्ट बांधा. नवीन बसवणार असाल तर स्टँड थोडा उभा, ३३ डिग्रीच्या आसपास ठेवायला सांगा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर, त्यामुळे उभ्या स्टँडवर तेव्हा ऊन तिरकं पडतं आणि डिसेंबरमध्ये, गरम पाणी खरं हवं असतं तेव्हा, जवळजवळ सरळ. आणि घरात लहान मूल असेल तर बादलीत आधी थंड पाणी घ्या आणि मग सोलरचं, ६० डिग्रीचं पाणी ५ सेकंदात कातडी भाजतं.

कुणी ऑलरेडी टाकी रिकामी करून गेलं असेल तर परत आल्यावर दुपारी वॉल्व सोडू नका. ट्यूबवर काहीतरी टाकून झाका, रात्र जाऊ द्या आणि पहाटे सूर्य उगवायच्या आत हळूहळू पाणी भरा.