पारोळ्याच्या आप्पांना उत्तर : मोटार, ऑटो आणि जीन

आप्पा, रामराम.

जीन बिघडल्याने जन्मापासूनच प्रतिकारशक्ती कमजोर असलेल्या बाळांवर मी मागचा लेख लिहिला होता, त्यावर तुम्ही चांगलंच झोडपलंत. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. "आमना वखतले कोठे व्हतं हाई जीन-बिन? पोरं मातीत लोळायची, कळण्याची भाकर खायची, ठणठणीत असायची. आता सर्दी झाली की जीन, आणि वर आईचा दोष! माझ्या आत्याचे तीन मुलगे तान्हेपणीच गेले, तेव्हा कोणी जीन काढला नाही."

आईचं आधी. 'आईकडून आलेला दोष' हे शब्द माझेच, आणि चुकलेच. तिच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावर बदल असतो, दुसरं काम भागवतं, म्हणून तिला पत्ताही नसतो. कित्येकदा तो बदल बाळातच पहिल्यांदा झालेला असतो. उलट प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, बनवायला लागणारा बीटीके नावाचा जीन बिघडलेला मुलगा पहिले सहाएक महिने तग धरतो तो पोटात असताना आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांवर. ती संपली की न्यूमोनिया, कानातून पू. ते वाक्य आज बदललंय.

सर्दीवरून भांडण नाहीच. अंगणवाडीतलं पोर वर्षात सहा-आठदा शेंबडं होणारच, आणि मातीत खेळलं म्हणून काही बिघडत नाही. मी लिहिलं होतं ते वर्षात दोनदा न्यूमोनिया होणाऱ्या, तोंडातला पांढरा थर न हटणाऱ्या, वजनच न धरणाऱ्या बाळाबद्दल. त्याला भाकर कमी पडलेली नसते.

मग काय होतं? बाबांच्या विहिरीवरच्या ऑटोचं, म्हणजे मोटार आपोआप चालू करणाऱ्या डब्याचं, उदाहरण घ्या. रात्रीची लाईट आली की बाबा घरून मिस्ड कॉल देतात, ऑटो तो घेतो, स्टार्टर ओढला जातो, मोटार चालू. परवा उंदराने ऑटोपासून स्टार्टरकडे जाणारी वायर कुरतडली. मोटार नवी, विहिरीला पाणी, कॉलही लागत होता. कपाशी मात्र कोरडी.

पेशीचंही असंच चालतं. इंटरल्युकिन-७ हा निरोप टी पेशी (संसर्गाशी लढणारी एक पांढरी पेशी) होऊ घातलेल्या पेशीच्या दाराशी येतो. दारात निरोप घेणाऱ्या ग्राहीचा एक भाग म्हणजे गॅमा साखळी. तिला आतून जॅक-३ नावाचं प्रथिन चिकटलेलं असतं, ते स्टॅट-५ या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं आणि स्टॅट-५ केंद्रकात जाऊन सांगतं : जग, वाढ. गॅमा साखळीचा जीन बिघडला की हा निरोप उंबऱ्यावरच राहतो. आणि ही साखळी इंटरल्युकिन २, ४, ७, ९, १५ आणि २१ अशा सहा निरोपांच्या ग्राहींत सामायिक. एक पोल पडला आणि सहा मळ्यांची लाईट गेली! हा जीन एक्सवर असल्याने आजारी पडतात ते जवळपास सगळे मुलगेच. जॅक-३ बिघडलं तरी आजार तसाच, पण तो जीन एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. तिथे दोन्ही पालकांकडून बिघडलेली प्रत यावी लागते, आणि मुलीही सुटत नाहीत. मामाची मुलगी करायची आपली रीत इथे महागात पडू शकते.

उलटाही प्रकार असतो. स्टार्टर चिकटतो, मोटार बंदच होत नाही, वाफे तुंबतात. पीआय-थ्री-के-डेल्टा या असाच निरोप आत पोचवणाऱ्या प्रथिनाच्या काही बदलांत पेशीला सतत 'चालू'चाच निरोप मिळतो, गाठी सुजतात आणि तरीही संसर्ग होत राहतात. अशा पोराला 'प्रतिकारशक्ती वाढवणारा' काढा देऊन काय वाढवणार?

आता लॅबमधलं. साक्रीकडून आलेलं साडेचार महिन्यांचं बाळ होतं. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, एकूण पांढऱ्या पेशी ७,४००, त्यात लिम्फोसाइट (टी पेशी यांतच येतात) २२ टक्के. कागदावर छापलेली रेंज मोठ्या माणसांची, २० ते ४०, म्हणून मशीनने खूणही केली नाही. पण या वयात निम्म्याहून जास्त लिम्फोसाइटच असतात. ७,४०० चे २२ टक्के म्हणजे १,६२८, आणि हवेत किमान ३,०००. मी सही करत आले होते, थांबले. डॉक्टरांना फोन केला, पुढचा नमुना मुंबईला परळला गेला. पुढचं त्या घरचं खासगी आहे.

'आमच्या वेळी नव्हतं' म्हणता. १९५२ मध्ये ब्रुटन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी वारंवार संसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तातली प्रथिनं यंत्रावर वेगळी करून पाहिली, तर गॅमा ग्लोब्युलिनची, म्हणजे प्रतिपिंडांची, जागाच रिकामी. बाहेरून ते टोचत गेल्यावर संसर्ग थांबले. त्यामागचा बीटीके जीन सापडायला मात्र १९९३ उजाडलं. त्याआधी आपल्याकडे अशी पोरं हगवणीने, तापाने किंवा 'बाहेरचं झालं' म्हणून जात, आणि गोवर-घटसर्पाने गेलेल्यांतच मोजली जात.

तुमच्या आत्याची मुलंही कदाचित गोवरानेच गेली असतील. पण तीनही मुलगेच, म्हणून विचारते : आत्याला मुली होत्या का? त्या मोठ्या झाल्या का? त्यांना मुलगे, नातू असतील तर त्यांची तब्येत कशी असते? आणि त्या घरी बाळ होणार असेल, तर जन्मल्या-जन्मल्या बीसीजी टोचण्याआधी डॉक्टरांच्या कानावर हे घाला. बीसीजीत जंतू जिवंत असतो, अशा बाळाला तोच आजारी पाडू शकतो. बाकी निरोगी बाळांना ती द्यायचीच. हे इथे सगळ्यांसमोर सांगायचं नसेल तर मला मेल करा.