१९५३चा एफए कप एकट्या मॅथ्यूजने जिंकलेला नाही

इंग्लंडमधल्या क्लबांच्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेविषयी बोलणे निघाले की एक गोष्ट हटकून सांगितली जाते, आणि अलीकडे ती छायाचित्रांसह सर्वत्र फिरतही असते. तिचा आशय असा: २ मे १९५३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरच्या अंतिम सामन्यात ब्लॅकपूलचा संघ बोल्टन वाँडरर्सविरुद्ध १-३ असा मागे पडला होता आणि कप हातचा गेल्यातच जमा होता. त्या वेळी ब्लॅकपूलचा उजवा विंगर, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने चढाई करणारा, ३८ वर्षांचा स्टॅन्ली मॅथ्यूज पेटून उठला, त्याने एकट्याने बोल्टनचा धडधाकट बचाव मोडून काढला, सामना ४-३ असा जिंकून दिला आणि आयुष्यभर हुलकावणी देणारे विजेत्याचे पदक मिळवून त्याने कृतार्थपणे निरोप घेतला. समुद्रकाठच्या त्या किरकोळ संघाकडे मॅथ्यूजखेरीज दुसरे काही नव्हते, म्हणून तर या सामन्याला ‘मॅथ्यूज फायनल’ म्हणतात, असा या गोष्टीचा समारोप असतो.

मॅथ्यूजचा खेळ त्या दिवशी अप्रतिम झाला, याविषयी मला तिळमात्र शंका नाही आणि या लेखाचा रोख त्याच्याविरुद्ध नाही. माझा आक्षेप ‘एकट्याने’ या शब्दाला आणि त्या शब्दाच्या आधारासाठी रचलेल्या बाकीच्या विधानांना आहे, कारण त्यांतले एकही विधान नोंदींपुढे पूर्णपणे टिकत नाही.

सर्वांत आधी गोल कोणी केले ते पाहू, कारण फुटबॉलमध्ये हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. ब्लॅकपूलच्या चार गोलांपैकी तीन स्टॅन मॉर्टेन्सनच्या नावावर आहेत आणि चौथा बिल पेरी या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या डाव्या विंगरचा आहे. मॅथ्यूजने त्या सामन्यात एकही गोल केला नाही. सामना सुरू होऊन दोन मिनिटे व्हायच्या आतच नॅट लॉफ्टहाउसचा दुरून आलेला फटका ब्लॅकपूलचा गोलरक्षक जॉर्ज फार्म याच्या हातांतून निसटून जाळ्यात गेला होता. ३५व्या मिनिटाला मॉर्टेन्सनने बरोबरी साधली, मध्यंतरापूर्वीच विली मॉयरने बोल्टनला पुन्हा आघाडीवर नेले आणि ५५व्या मिनिटाला एरिक बेलच्या हेडरने ती ३-१ झाली. यानंतर ६८व्या मिनिटाला उजवीकडून मॅथ्यूजने दिलेला क्रॉस बोल्टनचा गोलरक्षक स्टॅन हॅन्सनच्या हाताला लागूनही त्याच्या ताब्यात आला नाही आणि धावत आलेल्या मॉर्टेन्सनने घसरत जाऊन चेंडू आत लोटला. ८९व्या मिनिटाला पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून मिळालेली फ्री किक मॉर्टेन्सनने थेट जाळ्यात मारली. या बरोबरीच्या गोलात मॅथ्यूजचा पाय कुठेही नव्हता. भरपाईच्या वेळेत मॅथ्यूज उजव्या बाजूने गोलरेषेपर्यंत गेला, घसरता घसरता त्याने चेंडू मागे दिला आणि पेरीने तो आत मारला.

म्हणजे चार गोलांपैकी दोन मॅथ्यूजने निर्माण केले, आणि ३-१ नंतरच्या तीन गोलांचाच विचार केला तरी तिनांपैकी दोन. ही कामगिरी फार मोठी आहे, परंतु तिला ‘एकट्याने’ म्हणण्यासाठी ८९व्या मिनिटाची ती फ्री किक हिशेबातून काढून टाकावी लागते. ती चुकली असती तर भरपाईच्या वेळेतला तो पास आणि पेरीचा गोल फार तर सामना अतिरिक्त वेळेत घेऊन गेले असते, आणि नायक ठरवण्याची वेळच आली नसती.

यावर काही जण असे उत्तर देतात की मॉर्टेन्सनचा पहिला गोल बोल्टनच्या हॅरल्ड हॅसलच्या अंगाला लागून आत गेला, म्हणजे तो स्वयंगोल मानावा, आणि मग तीन गोलांची हॅटट्रिक उरतच नाही. चेंडू हॅसलला लागला हे खरे आहे. मात्र फटका मॉर्टेन्सनचा होता, दिशा गोलकडची होती आणि अधिकृत नोंद त्याच्याच नावावर झाली, ती आजही कायम आहे. या नोंदीचे मोल किती आहे तेही लक्षात घ्यायला हवे. एफए कपच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक करणारा मॉर्टेन्सन हा केवळ तिसरा खेळाडू होता. त्याआधी १८९० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या विल्यम टाउनलीने आणि १८९४ मध्ये नॉट्स काउंटीच्या जेम्स लोगनने ती केली होती. लोगनची हॅटट्रिकही बोल्टनविरुद्धच होती. १९२३ पासून २००० पर्यंत जुन्या वेम्ब्लीवर एफए कपचे जेवढे अंतिम सामने झाले, त्यांत मॉर्टेन्सनशिवाय कोणालाही हे जमले नाही. एवढा पराक्रम करूनही ज्याचे नाव सामन्याला मिळाले नाही, असा दुसरा खेळाडू मला तरी आठवत नाही.

आता ‘धडधाकट बचावा’कडे वळतो, कारण माझ्या मते या गोष्टीतला सर्वांत मोठा अन्याय इथे होतो आणि तो बोल्टनवर होतो. त्या काळात इंग्लिश फुटबॉलमध्ये बदली खेळाडूची तरतूदच नव्हती. लीगमध्ये ती १९६५ साली आली आणि एफए कपच्या अंतिम सामन्यात बदली खेळाडू प्रत्यक्ष मैदानात उतरला तो १९६८ साली, वेस्ट ब्रॉमविच अॅल्बियनकडून. त्याआधी एखादा खेळाडू जायबंदी झाला की दोनच मार्ग असत: दहा जणांनिशी खेळायचे, नाहीतर त्या लंगडणाऱ्या खेळाडूला कमीत कमी नुकसान होईल अशा जागी, म्हणजे बहुधा विंगवर, उभे करून ठेवायचे. १९५२ मध्ये आर्सेनलच्या वॉली बार्न्सला, १९५५ मध्ये मँचेस्टर सिटीच्या जिमी मेडोजला आणि १९५७ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक रे वूडला याच मैदानावर, याच टप्प्यावर दुखापत झाली, आणि तिन्ही वेळा जखमी खेळाडूचा संघ हरला. १९५३ मध्ये ही पाळी बोल्टनची होती.

बोल्टनचा डावा हाफबॅक, म्हणजे बचाव आणि आक्रमण यांच्या मधल्या फळीत खेळणारा, एरिक बेल याच्या मांडीचा स्नायू पूर्वार्धातच दुखावला. त्याला डाव्या विंगवर पाठवण्यात आले, तिथला बॉबी लँग्टन आत सरकला आणि मुळात आक्रमक असलेला हॅरल्ड हॅसल बेलच्या जागी मागे आला. ब्लॅकपूलचा उजवा विंगर ज्या पट्ट्यात खेळणार, नेमक्या त्याच पट्ट्यात आता बचावाची सवय नसलेला खेळाडू उभा होता. त्याच्या मागे मॅथ्यूजला थेट सामोरा जाणारा फुलबॅक (कडेचा बचावपटू) राल्फ बँक्स उत्तरार्धात पायात गोळे येऊन जेरीस आला. अशा स्थितीतही बेलने एका पायावर उडी घेऊन संघाचा तिसरा गोल केला, हे आठवले की माझ्या मनात बोल्टनविषयी आदरच दाटून येतो. हा संघ मोडून पडला नाही. शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत तो आघाडीवर होता. मॅथ्यूजने दमलेल्या आणि विस्कटलेल्या डाव्या बाजूचा अचूक फायदा उठवला, आणि अनुभवी खेळाडूकडून तीच अपेक्षा असते. पण समोरची बाजू धडधाकट होती असे सांगणे म्हणजे बेल आणि बँक्स यांनी ज्या अवस्थेत झुंज दिली ती पुसून टाकणे होय.

त्यातही ही दुबळी बाजू ओळखून मॅथ्यूजपर्यंत चेंडू पोहोचवायचे काम कोणी केले, हा प्रश्न ही गोष्ट सांगणारे विचारतच नाहीत. विंगर हा स्वतः चेंडू मिळवून आणणारा खेळाडू नसतो. त्याला कोणीतरी तो योग्य वेळी, योग्य पायावर द्यावा लागतो. उत्तरार्धात हे काम एर्नी टेलरने केले. टेलरची उंची जेमतेम पाच फूट चार इंच, आणि त्याच्या बाबतीतला योगायोग विलक्षण आहे. १९५१च्या अंतिम सामन्यात तो न्यूकॅसल युनायटेडकडून याच ब्लॅकपूलविरुद्ध खेळला होता, आणि जॅकी मिलबर्नने न्यूकॅसलचा दुसरा गोल केला तो टेलरने टाचेने मागे दिलेल्या चेंडूवर. त्या पराभवानंतर काही महिन्यांतच ब्लॅकपूलने टेलरला आपल्याकडे आणले. दोन वर्षांपूर्वी ज्याने मॅथ्यूजचे पदक हिरावून घ्यायला हातभार लावला, त्यानेच १९५३ मध्ये त्याला पासांचा रतीब घातला. विजयी गोलाआधी मॅथ्यूजला मिळालेला चेंडूही टेलरकडूनच आला होता.

पदकाने आयुष्यभर हुलकावणी दिली, हे विधान अर्धे खरे आहे. मॅथ्यूजचा हा तिसरा अंतिम सामना होता. १९४८ मध्ये ब्लॅकपूल मँचेस्टर युनायटेडकडून २-४ असे आणि १९५१ मध्ये न्यूकॅसलकडून ०-२ असे हरले होते. परंतु पदकाची ही प्रतीक्षा त्याच्या एकट्याची नव्हती. कर्णधार हॅरी जॉन्स्टन आणि मॉर्टेन्सनही त्या दोन्ही पराभवांत मैदानावर होते, आणि १९४८ मध्ये तर मॉर्टेन्सनने अंतिम सामन्यासह प्रत्येक फेरीत गोल केला होता.

याच ओघात ‘किरकोळ संघ’ या शब्दांचाही निकाल लावता येतो. सहा मोसमांत तीन वेळा वेम्ब्लीवर पोहोचणारा संघ किरकोळ नसतो. १९५०-५१ मध्ये ब्लॅकपूल लीगच्या पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च विभागात तिसरे आले होते; १९५२-५३ मध्ये ते सातवे होते, तर बोल्टन चौदावे. २५ नोव्हेंबर १९५३ला हंगेरीविरुद्ध वेम्ब्लीवर इंग्लंडचा जो संघ ३-६ असा हरला, त्यात ब्लॅकपूलचे चार खेळाडू होते: मॅथ्यूज, मॉर्टेन्सन, टेलर आणि जॉन्स्टन. एकाच क्लबमधून चौघांना राष्ट्रीय संघात घेतले जात असताना त्या क्लबला एकखांबी तंबू म्हणणे कोणत्याही निकषावर बसत नाही. व्यवस्थापक जो स्मिथ यांचाही विचार व्हायला हवा. १९२३ साली वेम्ब्लीवर झालेला पहिलाच एफए कप अंतिम सामना जिंकणाऱ्या बोल्टनचे ते कर्णधार होते, १९२६ मध्ये त्यांनी तो पराक्रम पुन्हा केला, आणि तीस वर्षांनंतर आपल्याच जुन्या क्लबविरुद्ध ब्लॅकपूलचा संघ उभा केला.

शिवाय कप हा एका दुपारचा नसतो, तो जानेवारीपासून सुरू होतो. शेफील्ड वेन्सडे आणि हडर्सफील्ड यांना हरवल्यानंतर दुसऱ्या विभागातल्या साउदम्प्टनने ब्लॅकपूलला त्यांच्याच मैदानावर १-१ असे रोखले आणि पुन्हा सामना खेळायला लावला. उपांत्यपूर्व फेरी आर्सेनलविरुद्ध, त्यांच्याच हायबरी मैदानावर होती, आणि त्या मोसमाचे लीग विजेतेपद पुढे आर्सेनललाच मिळाले. तिथे ब्लॅकपूल २-१ असे जिंकले. विजयी गोल अॅलन ब्राउनने केला आणि तो करतानाच गोलरक्षकाशी झालेल्या धडकेत त्याचा पाय मोडला. १९५१च्या अंतिम सामन्यालाही हाच ब्राउन दुखापतीमुळे मुकला होता. उपांत्य सामन्यात व्हिला पार्कवर टॉटनहॅमविरुद्ध बरोबरी कायम राहणार असे दिसत असताना, शेवटच्या क्षणी आल्फ रॅम्सीची चूक हेरून जॅकी मुडीने गोल केला. वेम्ब्लीचा रस्ता ब्राउन आणि मुडी यांच्या पायांनी खुला झाला. ब्राउनला तर त्या दुपारी मैदानात पाऊलही टाकता आले नाही, आणि प्रचलित गोष्टीत त्याचे नाव शोधूनही सापडत नाही.

निरोपाची गोष्ट एका वाक्यात संपते. मॅथ्यूज इंग्लंडसाठी १९५७ पर्यंत खेळला, १९५६ साली युरोपच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पहिलावहिला सन्मान त्याला मिळाला, आणि लीगमधला त्याचा शेवटचा सामना ६ फेब्रुवारी १९६५ रोजी स्टोककडून झाला, त्या वेळी तो ५० वर्षांचा होता.

राहिला नावाचा प्रश्न. नाव पडले यावरून एकहाती पराक्रम सिद्ध होत नाही. नाव लोकभावनेने पडले. राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक अवघ्या महिन्यावर आला होता, तो पाहण्यासाठी घरोघरी दूरचित्रवाणी संच आले होते, आणि त्यामुळे या सामन्याला आधीच्या कोणत्याही अंतिम सामन्यापेक्षा मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. बोल्टनच्या पाठीराख्यांचा अपवाद सोडला तर बहुतेकांची इच्छा एकच होती, की मॅथ्यूजला पदक मिळावे. ते त्याला मिळाले, खुद्द राणींच्या हस्ते मिळाले, आणि वर्तमानपत्रांनी देशाच्या मनातला आनंद मथळ्यात उतरवला. ते स्वाभाविकच होते. मात्र मॅथ्यूजने स्वतः हे नाव कधी मनापासून स्वीकारले नाही आणि विजयाचे श्रेय तो सहकाऱ्यांना, विशेषतः मॉर्टेन्सनला, देत राहिला. ज्याच्या गौरवासाठी ही गोष्ट सांगितली जाते, त्याचेच म्हणणे ती सांगताना गाळले जाते.

सामना संपल्यानंतरचे एक छायाचित्र या गोष्टीसोबत हमखास लावलेले असते: सहकाऱ्यांच्या खांद्यांवर बसलेला, हसरा मॅथ्यूज. बऱ्याचदा ते कापून लावलेले असते. मूळ छायाचित्रात खांद्यांवर दोघे जण आहेत. दुसरा कर्णधार हॅरी जॉन्स्टन आहे, आणि कप त्याच्या हातात आहे.