भोपळा बसला, मी उभा

परवाच्या शनिवारची गोष्ट. खांदा अजून दुखतोय तोवर लिहून टाकतो, कारण राग निवला की मी उगाच मोठ्या मनाचा होतो.

निमित्त कोथिंबीर. आमच्या खानापूर तालुक्यातल्या गावात पेंडी १५ रुपयाला झाली आणि बेळगावात शनिवारच्या बाजारात १० ला मिळते अशी खबर महिला संघातल्या कुणीतरी आमच्या हिला दिली. झालं. पाच रुपयासाठी जाऊन येऊन साठ किलोमीटर. मी हिशेब मांडून दाखवला, ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलंय, की माझं एका वाटेचं तिकीट ३६, दोन्ही वाटांचं ७२, त्यातनं ५ वजा कर.

"माझं शून्य," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा."

"मग तू एकटीच जा की."

"पिशव्या कोण धरणार? आणि घरात बसून तरी काय करालाय?"

ह्या प्रश्नाला रिटायर माणसाकडं उत्तर नसतं. ११ जून २०२३ ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली, राज्यातल्या राज्यात साध्या सरकारी बसमधनं बायकांना फुकट, आधार दाखवायचं आणि शून्याचं तिकीट घ्यायचं, त्या दिवसापासनं आमच्या घरात रिटायर मी एकटाच आहे. आधी ही वर्षातनं दोनदा बेळगाव बघायची, तेही मी नेलं तर. आता सौंदत्ती झाली, गोकाकचा धबधबा झाला, हुबळीला सिद्धारूढ मठ झाला, मग परत सौंदत्ती, का तर पहिल्यांदा गर्दीत यल्लम्मा नीट दिसली नाही. मी घरात म्हशीला वैरण टाकतो, भात लावतो आणि शिट्ट्या मोजतो. एकदा हुबळीच्या बसमधनं फोन आला, मागनं कुकरचा आवाज ऐकून म्हणते कशी, "तीन सांगितलेल्या, ही पाचवी न्हवं?"

५ जानेवारी २०२५ पासनं तिकिटं १५ टक्क्यांनी वाढली. शून्याचे १५ टक्के किती होतात हे सांगायला गणिताचा मास्तर लागत नाही. पलीकडं शिनोळीजवळची हद्द ओलांडून महाराष्ट्रात गेलात तर तिकडच्या एसटीतसुद्धा १७ मार्च २०२३ पासनं बायकांना अर्धंच तिकीट. १९५६ पासनं आम्ही सीमाभागातले लोक नेमके कुणाचे ते काय ठरेना, पण आमच्या बायका मात्र दोन्ही राज्यांच्या लाडक्या.

असो. बस आली. आली म्हणजे भरूनच आली. आमची ही आत शिरली आणि पुढं तिच्या ओळखीच्या बायकांत सरकून सरकून मावलीसुद्धा, बायकांची सीट रबराची असते. मी मागं. तर तिथं एका दोघांच्या सीटवर खिडकीशी एक म्हातारी, आणि तिच्या शेजारी मोठा लाल भोपळा. चांगला ऐसपैस बसलेला. आणि खिडकीच्या वर कन्नडमध्ये रंगवलेलं 'पुरुषरिगे'. म्हणजे पुरुषांसाठी. हा नियम आहे बरं का, योजना सुरू करतानाच साध्या बसमध्ये निम्म्या सीटा पुरुषांना राखून ठेवल्यात. नियम आहे म्हणजे कुणाला माहीत असतो असं नाही, मला माहीत होता, आणि तिथंच माझं चुकलं.

"मावशी, ही सीट पुरुषांची आहे."

"मावशी कुणाला म्हणतोस? तुझ्याएवढीच असंन मी." (किमान ८० ची होती. मी ६८.) "आणि पुरुषांची म्हणून कोण म्हणतंय?"

"वर लिहिलंय."

"मला वाचाय येत न्हाई."

"मला येतंय."

"तू मास्तर काय रे?"

"होय."

"वाटलंच. नाव लिवलंय तुझं तिथं?"

"नाव कशाला लिहितील?"

"मग तुझी कशावरनं?"

आता बसमधले लोक वळून बघायला लागले होते. अशा वेळी शहाण्या माणसानं गप दांडा धरून उभं राहावं. पण मी म्हटलं, तुम्ही बसा, तुमचं वय झालंय, निदान तो भोपळा तरी खाली घ्या, माणसांनी उभं राहायचं आणि भोपळ्यानं बसायचं हे कुठल्या राज्यात बसतं?

म्हातारीनं भोपळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, वर त्या न वाचता येणाऱ्या अक्षरांकडं बघितलं.

"सीट कुणाची म्हणालास?"

"पुरुषांची."

"मग तो भोपळा न्हवं? का तुमच्या शाळंत 'ती भोपळा' म्हणतेत?"

बस हसली. सगळी. पुढनं आमच्या हिचं हसणं मला वेगळं ऐकू आलं, ४१ वर्षांची सवय आहे. मराठीचे मास्तर रजेवर असले की मी स्वतः फळ्यावर लिहायचो, तो भोपळा, ती काकडी, ते वांगं. काकडी असती तर मी जिंकलो असतो.

मग म्हातारीलाच काय दया आली कुणास ठाऊक. म्हणाली, खाली ठेवला की गडगडतोय बाबा, मागच्या खेपेला ब्रेक मारला तर थेट डायवरच्या पायात गेलता, त्यानं मला काय काय ऐकवलं कन्नडमध्ये, तवा तू बस, पण ह्याला मांडीवर घे. मंजूर. मी भोपळा उचलला, सहा-सात किलो तर होताच, देठाची बाजू माझ्याकडं, आणि तेवढ्यात गणेबैलला बस थांबली, पोराला घेऊन एक बाई चढली आणि मी भोपळा उचलल्यामुळं मोकळ्या झालेल्या जागेवर टेकली. कडेवर पोर. तिला काय म्हणणार? पोरगा होता, म्हणजे सीट परत पुरुषाकडंच गेली.

तर मी उभा, दोन्ही हातात भोपळा, दांडा धरायला हात नाही. कंडक्टर आला. "यारद्री इदु?" कुणाचं हे? म्हातारी म्हणाली, "मास्तराचा." मी तिकीट काढणार कसं? म्हटलं वरच्या खिशात पैसे आहेत. तर म्हातारीनं उठून माझ्या खिशात हात घालून वीसच्या दोन नोटा काढल्या आणि कंडक्टरला दिल्या, जशी काय माझी आई शाळेला पोचवायला आलीय. मी ओरडलो, सीनियर सिटिझन, २५ टक्के सवलत! कंडक्टर म्हणाला, आधार दाखवा. हे एवढे पांढरे केस चालत नाहीत. आधार पँटच्या मागच्या खिशात. मी म्हातारीकडं बघितलं.

"तिथं मी हात घालणार न्हाई," ती म्हणाली.

३६ चे २५ टक्के नऊ. नऊ रुपये गेले. चाळीसातले राहिलेले चार, "चिल्लर इल्ल री", म्हणून तिकिटाच्या मागं ४ आकडा घालून भोवती गोल केला आणि ते तिकीट माझ्या बोटात आणि भोपळ्यात खोवून तो 'मुंद होगरी, मुंद होगरी' करत निघून गेला. पुढं कुठं जाणार? पुढं माझा भोपळा.

देसूर, मच्छे, पिरनवाडी, प्रत्येक खड्ड्याला मी भोपळ्याला मिठी मारत होतो. तिसऱ्या रेल्वे गेटला म्हातारी उठली. मी म्हटलं सुटलो, आणि भोपळा पुढं केला. तर ती आपली खाली उतरून चालायला लागली. तेवढ्यात पुढनं आवाज, "अहो, नीट धरा, तो आपला झालाय! साठ म्हणत होती, चाळीसला दिली." म्हणजे मी मागं कसरत करत असताना पुढच्या बायकांच्या मध्यस्थीनं सौदा झाला होता. कुणाच्या डोक्यावरनं पैसे गेले मला कळलंसुद्धा नाही.

पुढचं भराभर सांगतो. गणपत गल्ली, खडे बाजार, मी आणि भोपळा. कोथिंबीर १५ रुपये. दोन पेंड्या घेतल्या, आल्यासारखं. मग तिनं मला चहा पाजला, "राहू द्या, मी देतो," म्हणाली, सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार आलेले तिच्या खात्यावर. चहा चांगला होता. जरा घशाशी अडकला एवढंच.

परत येताना मात्र हसू आलं नाही. दोन बस भरून गेल्या, थांबल्यासुद्धा नाहीत. कॉलेजची पोरं दारात लोंबकळत होती, एकाच्या पाठीवरचं दप्तर बसच्या बाहेर. फुकटाला माझा विरोध नाही, खरंच नाही, आमची आई पायात चपला नसताना डोक्यावर पाटी घेऊन खानापूरला चालत जायची, तिला कुणी शून्याचं तिकीट दिलं असतं तर मी भोपळा काय, तिची पाटीसुद्धा धरली असती. पण माणसं वाढली तशा आमच्या वाटेवर गाड्या वाढल्यात काय? त्याच दोन, आणि त्यातली संध्याकाळची आली तर आली. त्यावर म्हणायचं निम्म्या सीटा तुम्हाला राखीव. कशाच्या निम्म्या? अंधार पडला तरी आम्ही स्टँडवरच, ती पिशव्यांवर बसलेली, मी भोपळ्यावर बसावं की काय ह्या विचारात.

रात्री घारगे केले तिनं. सहा खाल्ले मी. रागानं.

ते तिकीट अजून माझ्या डायरीत आहे, मागं ४ आणि भोवती गोल. आज सकाळी परत काढून बघत होतो, तर ही पदराला हात पुसत आली, म्हणाली, "द्या इकडं. सोमवारी जाऊन घेऊन येतो. मला काय, फुकटच हाय."