‘हौस’ या शब्दाला उत्तर

मागच्या लेखावर एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. माझ्या भाचीच्या मुलीला अमेरिकेत गोचीड चावून लाइम आजार झाला आणि सुट्टीत इथे वेंगुर्ल्याला आल्यावर तिचं तोंड वाकडं झालं, असं मी लिहिलं होतं. त्यावर हे गृहस्थ लिहितात: “मॅडम, अमेरिकेतल्या रोगाने कोकणातल्या आयांना कशाला घाबरवता? गोठ्यातल्या गोचिडी हाताने उपटतच आम्ही मोठे झालो. वाकडं झालेलं तोंड बहुतेकदा आपोआप सरळ होतं. डॉक्टर नसताना दुसऱ्याच्या लेकराच्या आजारावर लिहायची ही हौस कशाला?”

आधी तुमचं बरोबर आहे ते. गोचिडीला मी कीटक म्हटलं, ते चुकलं. तिला आठ पाय, ती कोळ्याच्या जातकुळीतली. मान्य.

आता हौस. सात वर्षांची पोर माझ्यासमोर पेज जेवायला बसली होती. चमचा आत गेला की डाव्या कोपऱ्यातून पेज हनुवटीवर ओघळायची. हसली तर अर्धाच चेहरा हसायचा. रात्री झोप लागली तरी डावी पापणी मिटेना, फटीतून पांढरं दिसत राहायचं. अंगावरून वारं गेलं म्हणून शेजारी हळहळले, देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं. पहिल्या डॉक्टरांनी गार वारा लागला असेल म्हणून गोळ्या देऊन पाठवलं. मी अंगणवाडीत तीस वर्षं काढली आहेत, आजारी मूल कसं दिसतं ते मला तुम्ही शिकवू नका. मी भाचीला खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिला आठवलं की मे महिन्यात मुलीच्या कानामागे लाइममध्ये उठतो तसा एक लाल चट्टा पसरत गेला होता. त्या दोघी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात राहतात. तिथे ही गोचीड घरामागच्या गवतात असते. दुसऱ्या डॉक्टरांनी हे सगळं ऐकून घेतलं, रक्त तपासायला पाठवलं आणि डॉक्सीसायक्लिन हे जंतू मारणारं औषध सुरू केलं.

डॉक्टर नसलेल्याने बोलू नये म्हणता? लाइम हे त्याच कनेक्टिकटमधल्या एका गावाचं नाव. १९७५ साली तिथल्या आरोग्य खात्याकडे तक्रार घेऊन गेल्या त्या आया होत्या. पॉली मरे ही त्यांतली एक. आसपासच्या इतक्या मुलांचे गुडघे एकाच वेळी कसे सुजतात, हे ती विचारत राहिली. त्याआधी तिचं कुणी मनावर घेत नव्हतं. त्या तक्रारींमुळेच येल विद्यापीठाचे ॲलन स्टीअर तपासाला लागले. पुढे विली बर्गडॉर्फर या संशोधकांना गोचिडीत या आजाराचा जंतू सापडला आणि १९८२ साली ते छापून आलं. या सगळ्याची सुरुवात आयांनी केली. त्यांनाही तुम्ही हौस म्हणाल?

तोंड पुष्कळदा आपोआप सरळ होतं, हे खरं. पण औषध नुसतं तोंडासाठी देत नाहीत. जंतू अंगात राहिला तर पुढे सांधे धरतात. काही मुलांच्या मेंदूच्या आवरणाला सूज येते, डोकं दिवसेंदिवस दुखत राहतं, कधी एकाचं दोन दिसतं. या मुद्द्यावर मला आणखी लिहायचं नाही.

लाइम इथल्या गोठ्यातून येतो असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा, पूर्ण वाचा. आणि गोचिडीने काय होतंय असं म्हणणाऱ्यांनी दोडामार्गच्या काजूच्या बागांमधून विचारून यावं. २०१६ साली तिथे माकडताप आला. तो वेगळा, विषाणूचा, पण तोही गोचीडच देते. हाताने उपटण्याचा अभिमान बाळगू नका. चिमट्याने कातडीलगत धरावी आणि सरळ वर ओढावी.

राहिलं ‘दुसऱ्याचं लेकरू’. ती मला आजी म्हणते. लेख तिच्या आईने आधी वाचला, मगच मी टाकला. तिचा डोळा आता नीट मिटतो, परवा फोनवर तिने मला शिट्टी वाजवून दाखवली.

‘कीटक’ शब्द आज बदलला आहे. बाकी लेख आहे तसा राहील, आणि तुमची प्रतिक्रियाही. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा खाली स्वतःचं नाव घाला.