‘टीएवाल्याला काहीच मिळत नाही’ म्हणे! आधी इंज्युरी रिपोर्ट, मग फॉरवर्ड

रविवारी दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाज रडवेला. “दादा, ग्रुपवर आलंय ते वाचलंस का? आता आपल्या पोराचं कसं व्हायचं?”

पोरगा म्हणजे माझा भाचा. टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे टीएत शिपाई आहे. युनिट कुठलं ते सांगत नाही, त्याची गरजही नाही. वर्षातला बाकीचा काळ तो तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेचं वसुलीचं काम करतो, दिवसभर मोटरसायकलवर. यंदाच्या दोन महिन्यांच्या सालाना कॅम्पात ऑब्स्टॅकल कोर्सवरून, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, उडी टाकताना त्याचा गुडघा गेला. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, गोळ्या दिल्या, क्रेप बँडेज बांधलं, लाइट ड्युटी लिहिली. कॅम्प संपायला दहा-बारा दिवस उरलेले. तेवढ्यात हा मेसेज त्याच्यापर्यंत पोचला आणि भाचेसाहेबांनी ठरवून टाकलं: “मामा, कागद करून काय उपयोग? टीएवाल्याला काही मिळतच नाही. घरी जाऊन आपल्या डॉक्टरला दाखवतो.”

मी 24 वर्षं फौजेत क्लार्क होतो. हातात बंदूक कमी आणि टाइपरायटर जास्त. कागद वेळेवर न केल्यामुळे हक्काच्या पैशाला मुकलेले जवान मी पाहिलेत, आणि त्यांच्या बायका ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलेल्याही पाहिल्यात. त्यामुळे हा मेसेज वाचून माझं डोकं फिरलं, ते साहजिक आहे.

मेसेजात थोडक्यात असं म्हटलंय: टीए म्हणजे पार्टटाइम फौज, शत्रूची गोळी लागली तरच पेन्शन. भरतीच्या वेळी सही घेऊन सगळे हक्क सोडायला लावतात. सहा महिन्यांत दावा केला नाही तर विषय कायमचा संपला. सिव्हिल नोकरी गेली तर कुणी वाली नाही. अमेरिकेत मात्र रिझर्व्हच्या जवानाला बरा होईपर्यंत घरबसल्या पूर्ण पगार. आणि शेवटी ‘अनुभवी सल्ला’: जखम झाली तर युनिटला सांगू नका, मेडिकल कॅटेगरी लावून, म्हणजे तब्येतीचा दर्जा खाली आणून, घरी पाठवतील, गुपचूप गावच्या डॉक्टरकडे जा. त्याखाली रांगेने तिरंगे.

मे 2025 मध्ये गरज पडेल तशी टीए बोलावण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना देणारी अधिसूचना निघाली. त्यात 32 पैकी 14 इन्फंट्री बटालियन्स एम्बॉडी करण्याची, म्हणजे प्रत्यक्ष सेवेत बोलावण्याची तरतूद होती. तेव्हापासून टीएवाल्यांच्या घरांत धाकधूक आहे. कोल्हापूरच्या टेंबलाईची 109, पुण्याची 101, देवळालीची 116 पॅरा... पश्चिम महाराष्ट्रात तर गावोगाव एखादा तरी टीएवाला सापडेल. भीती समजू शकतो. पण भ्यालेल्या माणसाला चुकीची वाट दाखवणाऱ्याला काय म्हणायचं?

शेवटच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या थापांनी माणूस फार तर निराश होईल, पण या सल्ल्याने त्याचं कायमचं नुकसान होईल.

फौजेत जखमेला किंमत येते ती एका शब्दाने: ‘अ‍ॅट्रिब्युटेबल’. म्हणजे ही जखम नोकरीमुळे झाली, हे कागदावर सिद्ध असणं. ते सिद्ध होतं कशाने? एक, मेडिकलच्या नोंदींनी. दोन, इंज्युरी रिपोर्टने, ज्याला आम्ही फॉर्मच्या नंबरावरून आयएएफवाय-2006 म्हणायचो. आणि जखम किरकोळ नसेल तर तिसरी गोष्ट म्हणजे कोर्ट ऑफ इन्क्वायरी, फौजेची अंतर्गत चौकशी. आर्मी रेग्युलेशन्सचा परिच्छेद 520 नेमका याच विषयावर आहे. माणूस ड्युटीवर होता की नव्हता, यावर कमांडिंग ऑफिसरने आपलं मत नोंदवायचं असतं. उद्या तीन वर्षांनी गुडघा बसला आणि मेडिकल बोर्डासमोर उभं राहायची वेळ आली, तर बोर्डातले डॉक्टर तुमच्या तोंडाकडे बघून लिहीत नाहीत. फाइल उघडतात. फाइलमध्ये कॅम्पातल्या त्या सकाळची नोंद नसेल, तर हा गुडघा ऑब्स्टॅकल कोर्सवर गेला की वसुलीला जाताना गाडी घसरून गेला, हे त्यांनी कसं ठरवायचं? गावच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर तारीख असते दोन आठवड्यांनंतरची आणि मजकूर असतो ‘गुडघेदुखी’. ती चिठ्ठी तुमच्या बाजूने बोलत नाही, उलट तुमच्याच विरोधात जाते.

युनिटला न सांगणारा जवान आपला एकमेव पुरावा स्वतःच्या हाताने नष्ट करतो, इतका साधा हिशोब आहे. आणि हा सल्ला देणारा स्वतःला ‘अनुभवी’ म्हणवतो!

आता कॅटेगरीची भीती. ती पूर्णपणे खोटी आहे असं म्हणता येणार नाही, हे नाइलाजाने कबूल करतो. लो मेडिकल कॅटेगरी लागली की प्रमोशनला अडतं, मुदतवाढीला अडतं, आणि ‘तुला ठेवायचं की नाही’ हा प्रश्नही निघू शकतो. मी स्वतः अशा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोंदीचे आदेश, टाइप केल्यात. पण लपवलेल्या गुडघ्यानेही पुढच्या कॅम्पात पळता येत नाही. तेव्हा कॅटेगरीही लागणार आणि पुरावाही नसणार. मग मिळवलं काय?

‘शत्रूची गोळी लागली तरच’ हे कुठून आलं ते मला कळतं. युद्धात जखमी झालेल्याची वॉर इंज्युरी पेन्शन वेगळी असते आणि जास्त असते. लोकांनी ती ऐकली आणि समजले की पेन्शन म्हणजे तेवढीच. संरक्षण मंत्रालयाच्या 31 जानेवारी 2001 च्या पत्रात ए ते ई अशा पाच कॅटेगऱ्या आहेत. त्यातली सी म्हणजे ड्युटी बजावताना झालेले अपघात. ट्रेनिंगमधली पडझड इथे बसते, आणि तिच्यासाठी डिसॅबिलिटी पेन्शन आहे. हां, साधारणपणे 20 टक्के तरी अपंगत्व ठरावं लागतं, प्रत्येक मुरगळीला पेन्शन लागू होत नाही. पण गोळी लागायची वाट कुणी बघायला सांगितली नाही.

आता ‘सही घेऊन हक्क सोडायला लावतात’ हा मुद्दा. यातच सगळ्यात जास्त हसू येतं, कारण मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नाही की नेमका हाच युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात करून झालाय आणि तिथे तो आपटलाय.

निकाल 17 डिसेंबर 2021 चा. खंडपीठ न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांचं. (हो, आपल्या अमरावतीचे गवई, पुढे सरन्यायाधीश झालेले.) प्रकरण कुमाऊँच्या एका जवानाचं. पायदळात 25 वर्षं काढून तो टीएच्या इकॉलॉजिकल टास्क फोर्समध्ये, म्हणजे झाडं लावणाऱ्या बटालियनमध्ये भरती झाला. 2009 मध्ये रजेच्या प्रवासात मोठा अपघात झाला, पाय कापावा लागला. कोर्ट ऑफ इन्क्वायरीने जखम अ‍ॅट्रिब्युटेबल ठरवली, मेडिकल बोर्डाने 80 टक्के अपंगत्व लिहिलं. तरी पेन्शन नाकारली. कारण काय, तर तू इकॉलॉजिकलवाला, तुला हे लागू नाही, आणि भरती होताना तू जादा पेन्शन मागणार नाही असं लिहून दिलं आहेस. लष्करी न्यायाधिकरणानेही त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं.

सर्वोच्च न्यायालयाने काय केलं? आधी टीएचा 1948 चा कायदा उघडला. त्याचं कलम 9 सांगतं की एम्बॉडी झालेला टीएचा जवान आर्मी अ‍ॅक्टखाली येतो, नेहमीच्या जवानाइतकाच. मग 1961 च्या पेन्शन नियमावलीतला नियम 292 वाचला. टीएच्या माणसाचं पेन्शन नेहमीच्या फौजेतल्या त्याच दर्जाच्या माणसाच्या नियमांनीच ठरेल, नियमावलीच्या टीएवरच्या प्रकरणात वेगळं काही म्हटलं असेल तेवढंच वगळून, असं तो नियम म्हणतो. इकॉलॉजिकलवाल्यांना यातून वगळलंय असा एकही नियम सरकारला दाखवता आला नाही. आणि त्या सहीबद्दल न्यायालयाचं म्हणणं असं की, एकीकडे एवढी मोठी राज्ययंत्रणा आणि दुसरीकडे एकटा जवान. कागद पुढे सरकवल्यावर सही करण्यावाचून त्याच्याकडे दुसरा पर्याय असतो का? दोन्ही बाजूंची ताकद इतकी विषम असताना अशी सही त्याच्या गळ्यात बांधता येणार नाही. डिसॅबिलिटी पेन्शन मंजूर झाली, थकबाकीही द्यायला लावली.

हे वाचल्यावर मला माझ्या ऑफिसातले दिवस आठवले. सही कशावर करतोय हे विचारणारा रंगरूट मी तरी पाहिला नाही. ‘इथे, इथे आणि इथे’ असं मीच बोट दाखवायचो. तेव्हा न्यायालयाने जे लिहिलं ते मला कुणी वेगळं समजावून सांगायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरच्या 136 इको बटालियनमध्येही माजी सैनिकच झाडं लावतायत. त्यांच्यापैकी कुणाला हा मेसेज आला असेल तर हा निकाल छापून खिशात ठेवावा.

आणि जरा डोकं वापरा की! चुकला तर शिक्षा आर्मी अ‍ॅक्टखाली, तेव्हा तो पूर्ण फौजी. पडला तर मात्र पार्टटाइम? असं कसं चालेल?

सहा महिन्यांचं म्हणाल तर मुदत आहे, ती पाळलीच पाहिजे. दावा फेटाळल्यावर पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं असतं, आणि अंतिम आदेशानंतर न्यायाधिकरणात जायलाही कायद्याने सहा महिनेच दिलेत. पण ‘कायमचा संपला’ हे खोटं. उशीर माफ करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. शिवाय पेन्शन नाकारणं म्हणजे दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय, म्हणून केवळ उशिरामुळे दावा मरत नाही, मात्र थकबाकी मागच्या तीन वर्षांचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच तरसेम सिंग निकालात सांगितलंय. न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईतही आहे आणि तिथे वकिलाशिवाय स्वतःही उभं राहता येतं.

नोकरीच्या बाबतीत मेसेज अर्धा खरा आहे. टीएच्या सेवेला गेलेल्या माणसाला मालकाने परत कामावर घ्यावं, यासाठी टीए कायद्यात कलम 7अ आहे. त्यामुळे ‘वाली नाही’ म्हणणं चूक. पण परत घेतल्यावर त्या गुडघ्याने मोटरसायकल चालवता आली नाही तर? सरकारी आस्थापनेत असाल तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा मदतीला येतो, नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही. पतसंस्थेच्या वसुलीवाल्याला ते कवच नाही. डिसेम्बॉडी झाल्यावर फौजेचा पगारही थांबतो. तेव्हा कॅम्प संपल्यापासून पेन्शनचा निर्णय होईपर्यंतचा काळ घरच्यांच्या जिवावर काढावा लागतो. इथे व्यवस्था तोकडी आहे, मी तिची वकिली करणार नाही. तोकडी आहे म्हणूनच तर म्हणतोय, जे आहे त्याचे कागद तरी सोडू नका!

‘माजी सैनिक’ धरत नाहीत, अशी एक ओळही मध्येच घुसवलेली आहे. नुसता टीएत होता म्हणून धरत नाहीत, खरंय. पण लष्करी सेवेमुळे अपंगत्व आलेला टीएचा जवान त्या व्याख्येत येतो. पुढे.

अमेरिकेचं उदाहरण दिलं की मेसेजला वजन येतं, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. माझ्या एका जुन्या सोबत्याचा मुलगा न्यू जर्सीत नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे तिथल्या पार्टटाइम फौजेत आहे. त्याच्याकडून समजून घेतलं. तिथे ‘इन्कॅपॅसिटेशन पे’ नावाची सोय आहे, आणि आपल्याकडेही तसं काही असतं तर भाच्याच्या पतसंस्थेची चिंता निम्मी झाली असती, हे मान्य. पण घरबसल्या पूर्ण पगार? आधी जखम ‘लाइन ऑफ ड्युटी’त झाली हे ठरावं लागतं, म्हणजे पुन्हा तोच कागद. लष्करी काम करता येत नसेल तर पगार मिळतो, पण सिव्हिल नोकरीतून जे कमावलं ते त्यातून वजा. लष्करी काम करता येतंय पण सिव्हिल कमाई बुडाली, तर बुडालेल्या कमाईइतकंच, तेही लष्करी पगाराच्या मर्यादेत. आणि सहा महिन्यांच्या पुढे न्यायचं तर वरून खास मंजुरी लागते. तिथेही पोरं कागदासाठी खेटे घालतातच.

बहिणीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. तिला म्हटलं, पोराला फोन लावायला सांग. रात्री त्याचा फोन आला. आधी तोच सूर, “सुभेदार साहेबांना त्रास नको.” मी म्हटलं, साहेबांचं ते कामच आहे, तू उद्या सकाळी लंगडत जा आणि इंज्युरी रिपोर्ट मागून घे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने आपल्या जबाबाचा फोटो पाठवला. फुलस्केपवर एकच ओळ: ‘ट्रेनिंगमध्ये पाय मुरगळला.’

मी फोन केला. “पाय नव्हे, उजवा गुडघा लिही. तारीख टाक. वेळ टाक.”

“वेळ कशी आठवणार मामा? पीटीनंतर लगेच, साडेसहा-पावणेसात असेल.”

“तेच लिही. कितवा अडथळा?”

“सहा फुटी भिंत.”

“भिंत लिही. तुझ्या मागे कोण होतं, पुढे कोण होतं, ट्रेनिंग देणारा उस्ताद कोण होता, तिघांची नावं आणि नंबर टाक. उचलून एमआय रूमला कुणी नेलं?”

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, “पुढचं पान घेतो.”