फोडलंच आहे तर

स्वयंपाकघर नवं करून घेतलं, त्याचे फोटो टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय, "किती लागले?" सांगते. ठरले होते 1 लाख 80 हजार, लागले 4 लाख 70 हजार. ठरले होते वीस दिवस, लागले साडेतीन महिने. आकडा ऐकला की पुढचं वाक्यही सगळ्यांचं ठरलेलं असतं, "मेस्त्रीनं टोपी घातली बघ तुम्हाला."

नाही घातली. तेच सांगायला ही लांबलचक पोस्ट.

आमचं घर बेळगावच्या शहापुरातलं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. बांधलं तेव्हा शहापूर सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होतं, पुढं मुंबई राज्यात आलं, 1956 ला म्हैसूर राज्यात गेलं आणि 1973 ला त्याचं कर्नाटक झालं. सीमाप्रश्नाहून जुनं घर म्हणा. एवढी राज्यं बदलली, खरं स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीची ओल काही बदलली नाही. सोपा, माजघर, मग स्वयंपाकघर आणि मागं परसू, अशी आगगाडीसारखी रचना. उजेड दोन्ही टोकांनाच. मधे दिवसाही ट्यूब.

मूळ बेत एवढाच होता: कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइटचा घालायचा, खाली ट्रॉल्या, भिंतीला चार फूट टाइल्स, फरशी नवी. मेस्त्री बैलहोंगलकडचे, बोलणं कन्नड आणि मोडकं मराठी. त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, मान हलवली आणि म्हणाले, "अक्का, फोडल्यावर सांगतो." मला नको होतं ते. मला कागदावर आकडा हवा होता. मग त्यांनी नाइलाजानं 1 लाख 80 हजार लिहून दिले. आता वाटतं, त्या सगळ्या व्यवहारात खोटं होतं ते फक्त मी हट्टानं लिहून घेतलेलं ते इस्टिमेट.

पहिल्या दिवशी ओटा निघाला. दुसऱ्या दिवशी वायरिंगसाठी झिरी मारायला घेतली आणि हाताएवढा गिलावा खाली आला. मागं वीट होती, विटेला धरणारी माती होती, आणि ती माती ओली होती. "मण्णु अक्का, पूरा मण्णु," मेस्त्री म्हणाले. सगळी माती. मातीत बांधलेल्या भिंतीला आधी चुन्याचा गिलावा होता. तो ओल ओढून घ्यायचा आणि वाऱ्यावर सोडून द्यायचा. सासऱ्यांनी हौसेनं त्यावर सिमेंटचा गिलावा मारून घेतला. झालं, भिंतीचा श्वासच कोंडला. पाणी आत मुरत राहिलं, बाहेरून रंग पोपडे सोडत राहिला आणि आम्ही दर दिवाळीला पोपडे खरवडून वर डिस्टेंपर मारत राहिलो.

पण पाणी येत कुठून होतं? मोरीतून. खालचा पाइप जुन्या चिनी मातीचा, सांधे सुटलेले, परसातल्या शेवग्याची मुळं आत शिरलेली. म्हणजे भांडी घासलेलं पाणी अर्धं गटारात, अर्धं भिंतीच्या पायात. नवा चार इंची पाइप घालायचा तर चाळीस फुटाला एक फूट तरी उतार हवा. तो मिळवायला परसूपर्यंत खोदावं लागलं. वायरिंगचंही तसंच. एका बोर्डावर मिक्सर, फ्रिज, इंडक्शन आणि अर्थिंगच्या नावानं शून्य. इलेक्ट्रिशियन आमच्याकडं बघून नुसता हसला.

खोदताना शहाबादी फरशीखाली उखळ निघालं. जमिनीत पुरलेलं, तोंडापर्यंत रेती भरलेलं. आम्ही सगळे बघायला गोळा झालो तर आत्या (माझ्या सासूबाई) दारातूनच म्हणाल्या, "तिथंच होतं की ते. लग्न होऊन आले तवा त्यातच तिखट कांडलंय मी." मग इतके दिवस बोलल्या का नाहीत? "कुणी इचारलं?"

हे सगळं एप्रिलमध्ये. आणि आमच्याकडं मे महिना म्हणजे तिखटाचा. रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी, दोन्ही पोत्यात भरून सोप्यात ठेवलेल्या. तिथंच टीव्हीशेजारी सिलेंडर आणि एक शेगडी. पाहुणा दारात आला की थेट फोडणीतच यायचा. मिरच्या शेवटी शेजारच्या वैनींच्या गच्चीवर भाजल्या, सांडगेही तिथंच वाळले. त्यांचे उपकार या हिशोबात कुठं मांडू कळत नाही.

मेस्त्री गायब व्हायचे, ते मात्र खरं. विचारलं की एकच, "नाळे बर्तीनि, अक्का." उद्या येतो. आपल्या कर्नाटकात एके काळी लोक दारावर 'नाळे बा' लिहायचे, आठवतंय? भूत दारात आलं की वाचायचं 'उद्या ये' आणि परत जायचं, रोज. आमच्याकडं उलटं, भूत घरातल्यांना 'नाळे' म्हणून जात होतं. यात मला त्यांची बाजू घ्यायची नाही. दुसरीकडं स्लॅबचं काम धरलं होतं त्यांनी, आम्हाला कळत होतं.

खरं एक प्रसंग सांगते. छपराचे दोन वासे वाळवीनं पोखरलेले निघाले. कौलं उतरवावी लागली. तशी आमच्याकडं दर उन्हाळ्यात कौलं चाळायचीच असतात, खरं ही पूर्ण उतरवली. मिरगाला पंधरा दिवस. दीर पुण्याहून आलेले, वर उघडं आभाळ बघून म्हणाले, "फोडलंच आहे तर स्लॅबच घालून टाक की! किती दिवस कौलं चाळत बसणार?" आमचे हेही डोलायला लागले. मेस्त्रींनी साफ नाही म्हटलं. मातीच्या भिंतीवर स्लॅबचा भार टाकणार नाही, घालायचा तर खालपासून कॉलम, महापालिकेची परवानगी, आणि ते काम दुसऱ्याकडून करून घ्या. दोन नवे वासे, फुटकी बदलायला खानापूरची कौलं, एवढंच केलं त्यांनी. ज्याला टोपी घालायची आहे तो माणूस लाखाचं काम हातानं परत करतो होय?

मग पैसे वाढले कुठं? जूनमध्ये पावसाच्या धारा बघत मी वही उघडून दोन रकाने पाडले. पहिला, भिंतीनं मागितलेले पैसे: मोरी आणि पाइप 38 हजार, वायरिंग 34 हजार, ओल काढून नवा गिलावा 46 हजार, छप्पर 41 हजार. एकूण 1 लाख 59 हजार. दुसरा, 'फोडलंच आहे तर'चे पैसे: ग्रॅनाइट साध्याऐवजी भारी घेतला त्याचे 27 हजार, चिमणी 19 हजार, ट्रॉल्या प्लायच्या ठरलेल्या त्या स्टीलच्या केल्या 58 हजार, आणि कौलांखाली सीलिंग करून त्यात दिवे 27 हजार. एकूण 1 लाख 31 हजार. हे दुसऱ्या रकान्यातलं एकही काम मेस्त्रींनी सुचवलेलं नाही. दिरांनी, जावेनं, दुकानातल्या मुलानं आणि सगळ्यात जास्त मी.

आता गंमत बघा. घरात अजूनही कुरकुर चालते ती पहिल्या रकान्यावर. "मोरीला अडतीस हजार!" हे येता-जाता म्हणतात. आणि पाहुणे आले की ट्रॉली ओढून दाखवतात, अगदी हलक्या हातानं, ती आपली आपण मिटते ते दिसावं म्हणून. जमिनीखालच्या पाइपला कोण बघतंय? माझं म्हणणं अगदी उलट आहे. वाढलेल्या खर्चातला प्रामाणिक पैसा तो मोरीचाच. लाज वाटायची असेल तर सीलिंगच्या दिव्यांची वाटावी. ते लावले की आत्या विचारतात, "आज काय हाय?"

ट्रॉल्यांत माझी एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. दुकानदारानं ऑफरची तारीख सांगितली म्हणून गिलावा व्हायच्या आधीच माप देऊन ऑर्डर टाकली. नवा गिलावा दोन्हीकडून इंच-इंच आत आला आणि नऊ फुटांचा सेट नऊ फुटांत मावेना. दुकानदार म्हणाला, माप तुमचं. बरोबरच होतं त्याचं. एक कपाट कापून परत जोडायला तीन आठवडे.

एका गोष्टीचं मात्र मला अजिबात वाईट वाटत नाही. ओट्याची उंची. दुकानातल्या पोरानं चौतीस इंच लिहिलं, सगळीकडं तेच असतं म्हणाला. माझी उंची पाच फूट तीन इंच, मला ठीक. आत्या चार फूट नऊ. भाकरी थापायची तर हात कोपरापासून खाली पडायला हवा, नाहीतर खांदे वर चढतात. फरशीवाला राजस्थानचा, तो हिंदीत इंच मागतोय, मेस्त्री हात दाखवून "इष्टु साकु?" (एवढं पुरे?) विचारतायत आणि आत्या म्हणतात, "परातीला वाकाय येऊ दे म्हंजे झालं." शेवटी मेस्त्रींनी चार विटा रचल्या, वर फळी ठेवली आणि त्यांना खरंच पीठ मळायला लावलं. फळी एक वीट खाली, परत अर्धी वर. तीस इंच ठरले. म्हणून आमच्या ओट्याचा शेवटचा तुकडा चार इंच खाली आहे. फोटोत बघून दोघांनी विचारलं, "माप चुकलं का?"

नाही चुकलं.

जाता जाता, कामाचं. जुन्या शहाबादी फरश्या परसात रचून ठेवल्यात. बावीस आहेत, दोन कोपऱ्यात उडालेल्या. कुणाला अंगणात किंवा गोठ्यात घालायला हव्या असतील तर मेसेज करा, पैसे नकोत. टेम्पो बोळात येत नाही, कोपऱ्यावर लावून हातानं न्याव्या लागतील. उखळही विचारलंय दोघांनी. ते द्यायचं नाही, आत्या नको म्हणाल्यात.