डुबुआ, उसिक आणि दादाचं भाकीत

मंगळवारी सकाळी लंडनच्या मेट्रोपॉलिटन लाइनवर उभ्या उभ्या दादाचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला आणि ऑफिसात पोचेपर्यंत डोकं तापलं होतं. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. पोरवयात तालमीत घुमलेला, आता गुडघे गेलेले. २०२५ च्या १९ जुलैला वेम्बलीत युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक आणि लंडनचा डॅनियल डुबुआ बॉक्सिंगमधल्या हेवीवेट जगज्जेतेपदाच्या चारही पट्ट्यांसाठी भिडणार होते, आणि त्याचा निकाल दादाने तिकडे गावी बसून लावूनही टाकला होता. डुबुआच जिंकणार. का, तर पोरगं सत्तावीसचं आणि उसिक अडतीसचा. पोराच्या हातात हातोडा आहे. शिवाय दोन वर्षांपूर्वी पंचाने त्याला लुटलं, "अगदी आपल्या शिवराज राक्षेसारखं."

मी पहिलं उत्तर काय दिलं? "दादा, डुबॉईस नाही रे, डुबुआ म्हणतात." इथे राहून एवढी एक खोड लागली आहे. त्याचा मेसेज लगेच आला: "आणि तुझ्या लेकीच्या शाळेत आपलं आडनाव कसं म्हणतात?" निळ्या टिका झाल्या, मी काही लिहिलं नाही.

पण लुटलं म्हणजे काय ते बघू. ऑगस्ट २०२३, पोलंडमधलं व्रोत्स्वाफ. पाचव्या फेरीत डुबुआचा उजवा ठोसा उसिकच्या कमरेच्या पट्ट्यापाशी बसला आणि उसिक खाली गेला. पंच लुईस पाबोन यांनी तो कमरेखालचा, म्हणजे नियमबाह्य, धरला आणि उसिकला सावरायला जवळपास चार मिनिटं मिळाली. मी ते दृश्य थांबवून थांबवून पाहिलंय. मला तो ठोसा नियमात बसणारा वाटतो, पण हे दादाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. कारण माझा प्रश्न वेगळा आहे: लुटला गेलेला गडी पुढच्या तीन फेऱ्या काय करत होता? आठव्या फेरीत तो पडला, नवव्यात पुन्हा पडला आणि उठलाच नाही. ते काही पंचाने केलं नाही.

राक्षेचा विषय निघाल्यावर मीही सोडलं नाही. फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या कुस्तीत चीतपट दिल्याच्या रागात या मातब्बर पैलवानाने पंचाला लाथ घातली, तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली, आणि तुम्ही अजून खांदे टेकले की नाही यावर भांडताय. आमच्याकडे असं होत नाही, असं मी तोऱ्यात लिहिलं. 'आमच्याकडे' हा शब्द पाठवल्यावर दिसला. आणि ते तितकंसं खरंही नाही. २०२४ च्या मे महिन्यात रियाधला उसिकने ब्रिटनच्या टायसन फ्युरीला हरवलं तेव्हा फ्युरीने रिंगमध्येच सांगितलं की उसिकच्या देशात युद्ध चालू आहे म्हणून लोक उसिकच्या बाजूने आहेत. सोमवारी आमच्या ऑफिसातले निम्मे लोक हेच बोलत होते. लाथ तेवढी कोणी मारली नाही.

वयाचा मुद्दा मात्र दादाने बरोबर पकडलाय. उसिकची जन्मतारीख १७ जानेवारी, मुहम्मद अलीचीही तीच. आणि अली अडतीसचा असतानाच लॅरी होम्सने १९८० साली त्याचं जे केलं ते पाहवत नाही. दहाव्या फेरीनंतर कोपऱ्यातल्यांनीच लढत थांबवली. मी लगेच जॉर्ज फोरमन काढला, १९९४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी हेवीवेटचं जगज्जेतेपद जिंकलेला. सोयीचा दाखला आहे, मला कळतं.

खरा जुगार पायांचा आहे. उसिक डावखुरा, म्हणजे त्याचा उजवा पाय पुढे; डुबुआचा डावा पुढे. दोघांचे पुढचे पाय एकाच जागेसाठी झगडतात. उसिकचा पाय डुबुआच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला पडला की त्याच्या डाव्या सरळ ठोशाला वाट मोकळी होते आणि समोरच्याचा उजवा हातोडा हवेत जातो. फ्युरीचं नवव्या फेरीत जे झालं, दोरांवर धडपडत पंचाकडून मोजणी घेण्याची वेळ आली, त्याची तयारी आधीच्या फेऱ्यांत पायांनीच केली होती. हे सगळं मी दादाला सविस्तर लिहिलं, आकृती काढून. पाठवल्यावर आठवलं की तालमीच्या कट्ट्यावर मला बसवून "तोंडाकडे नको, घोट्याकडे बघ" असं ज्याने शिकवलं, तो हाच.

डुबुआला संधी नव्हती असं नाही. २०२४ च्या सप्टेंबरात याच मैदानात त्याने अँथनी जोशुआला पहिल्याच फेरीत पाडलं आणि पाचव्यात संपवलं. त्याचा जॅब, पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जड आहे. पहिल्या चार फेऱ्यांत तो पोटावर गेला तर उसिकला त्रास झाला असता, फ्युरीने मधल्या फेऱ्यांत ते दाखवलंय. पण हाच डुबुआ दक्षिण आफ्रिकेच्या केव्हिन लेरेनासमोर पहिल्या फेरीत तीनदा खाली होता. तो जिंकला, खरं आहे, पण उसिक लेरेना नव्हे.

घरात उसिकच्या बाजूने मी एकटाच. लेक इथेच जन्मली, तिच्यासाठी तो "आपला डॅन", लंडनचा. मी उसिकच्या बाजूने का, असं तिने विचारलं तर मी म्हटलं, तो सिम्फेरोपोलचा, त्याचं गाव २०१४ पासून रशियाच्या ताब्यात आहे. ती म्हणाली, "मग तुमचं गाव कोणाच्या ताब्यात आहे?" कोणाच्याच नाही. विमान रोज सुटतं. तीन वर्षं झाली, मी गेलेलो नाही. दादाला रजा मिळत नाही म्हणून सांगतो.

शेवटी एका रात्री माझं भाकीत पाठवून दिलं: उसिक, दहाव्या फेरीत, नॉकआउट. ते रिंगमध्ये उतरणार तेव्हा तिकडे रात्रीचे अडीच वाजत आलेले असणार होते. दादाने गजर लावला होता, फोन करणार होता. भाकितावर त्याने एकच ओळ लिहिली.

"पंच कोण आहे?"